नाळेखालची हळद

माझे बाबा फायबरच्या होडीला होडी म्हणत नाहीत. डबा म्हणतात. पाण्याची टाकी, बाथरूमचं दार आणि मी बनवलेली होडी ही त्यांच्या लेखी सगळी एकाच जातीची. रविवारी मी डहाणूला माहेरी जेवायला गेले की आमटीचा पहिला भुरका मारून ते विचारायचे, "काय, झाला का तुझा डबा?" आणि आईकडे बघून हसायचे. मी ताट सरकवून उठायचे. माझा राग नाकावर असतो, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. मासळी वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा मला बघून म्हणायच्या, "आज परत बापाशी वाजलं वाटतं."

बाबांनी आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या. खाडीच्या काठावर झापांचा मांडव होता, त्यात सागाच्या फळ्या वाकवायच्या, जोडायच्या, फटींत कापूस आणि राळ ठासायची. कागद नाही, नकाशा नाही. डोळे मिटून फळीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं अजून थोडं काढ." तरुणपणी लाकूड तासायचा वाकस निसटून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. लहानपणी ते माझ्या केसांतून हात फिरवायचे तेव्हा मला चारच बोटं जाणवायची. सगळ्यांच्या बापाचे हात असेच असतात असं मला बरेच दिवस वाटत होतं.

मग लाकूड महागलं आणि बंदरावरच्या होड्या एकेक करून फायबरच्या झाल्या. ज्या वर्षी बाबांकडे शेवटची होडी बांधायला आली, नेमकी त्याच वर्षी मी सीमेपलीकडे गुजरातमधल्या एका टाक्यांच्या कारखान्यात कामाला लागले. बारा वर्षं तिथे रेझिन आणि काचेच्या मॅटमध्ये हात घातले, गुजराती शिकले, आणि नंतर तलासरीत, झरीच्या रस्त्याला, पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली. बाबांनी त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. रेझिनच्या वासाने डोकं दुखतं म्हणायचे. ज्या माणसाने जन्मभर होड्यांना माशाचं तेल फासलं, त्याचं वासाने डोकं दुखतं!

मला त्यांची शाबासकी नको होती. एकदा, फक्त एकदा, मी बनवलेल्या वस्तूला त्यांनी होडी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. शेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईने असली आस धरणं जरा हसण्यासारखंच आहे. पण होती, आणि ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

शेडमध्ये माझ्याबरोबर अकरा वर्षं एक कारागीर आहेत. जवळच्या उधवा गावचे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणतात आणि मी त्यांना दादा. अंगाने काटकुळे, बोलणं कमी. मी दिवसभर बडबडते आणि ते दिवसभर ऐकतात, अशी आमची कामाची वाटणी आहे. मी कितीही तापले तरी त्यांना कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक आलं. किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवण्याचा त्यांचा धंदा, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. म्हणाले, "बेन, मला एका माणसाची वॉटर स्कूटर पायजे. पण हलकी. एकदम हलकी." कारण सरळ होतं. आमच्या बाजूला ओहोटीला समुद्र पार लांब जातो. बाजारातली तयार स्कूटर वाळू-चिखलातून पाण्यापर्यंत ओढत न्यायला चार माणसं लागतात. त्यांना दोघांनी उचलून नेता येईल अशी हवी होती. इंजिन त्यांच्याकडे होतं, लहानसं. बाकी खालचं अंग, म्हणजे होडीचा तळ आणि कडा, मी बनवायच्या. जमलं तर त्याच साच्यातून पुढे आणखी काही.

हलकं करायचं म्हणजे पातळ करायचं, आणि पातळ केलं की ताकद आकारातून काढावी लागते. तळाला नेमके उठाव, कडेला नेमके बाक. आणि साचा अगदी निर्दोष लागतो. जाड होडीत साच्याची चूक पुट्टी आणि रंगाखाली लपवता येते. इथे पुट्टी म्हणजे वजन आणि रंग म्हणजेही वजन. साच्यातून जे निघेल तेच पाण्यात जाणार. साच्यावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक होडीवर उमटणार.

गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र आणलं होतं. त्यावरून मी फोमचा एक वीतभर नमुना कोरला आणि रविवारी डहाणूला नेला. कशाला नेला ते मलाच ठाऊक. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण नमुना हातात दिल्यावर त्यांनी तसेही डोळे मिटूनच घेतले. बोटं टोकापासून मागपर्यंत गेली, परत आली. मग होडीच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेशी, थांबली.

"नाळ खाली हाय," ते म्हणाले. "लाट आली की तोंड खुपसंल. पुऱ्या मापाला दोन बोटं उचल."

त्यांनी नमुना माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पण डब्याला काय, तरंगला म्हंजे झालं."

मी जेवले नाही. परत तलासरीला येईपर्यंत वाटेत स्कूटरवर एकटीच मोठमोठ्याने बोलत होते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्या आल्या चित्रावरची नाळ उचलली. दोन बोटं. माझी बोटं बारीक आहेत, बाबांची जाड, म्हणून चांगली दीड इंच. हे मी त्यांना सांगितलं नाही. दादांना मात्र सांगितलं, कारण माप का बदललं ते त्यांनी विचारलं.

साचा बनवायचा तर आधी होडीचा हुबेहूब नग बनवावा लागतो. त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. पॅटर्नवर साचा चढवायचा, साचा सुटा झाला की पॅटर्नचं काम संपलं. मग त्या साच्याच्या आतून खरी होडी काढायची. पॅटर्न पालथा बनवतात, तळ वर. प्लायवूडचे आडवे छेद उभे केले, मध्ये फोमचे ठोकळे बसवले, करवतीने आणि रंध्याने आकार आणला, वर काचेचं पातळ कापड रेझिनमध्ये भिजवून चढवलं, आणि मग पुट्टी. पुट्टी लावायची, घासायची, परत लावायची. महिनाभर आम्ही दोघं नुसते घासत होतो. आधी खरखरीत पेपरने, मग बारीक, मग पाणी लावून आणखी बारीक. ट्यूबलाइटची रेघ पॅटर्नवर पडते, ती कुठे वाकडी दिसली की तिथे खड्डा आहे असं समजायचं. शेवटी शेवटी ती रेघ नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एकसारखी धावली. पॅटर्नमध्ये बघून कुंकू लावता आलं असतं.

शेड लांबीला अपुरी. त्यामुळे पॅटर्नची नाळ मागच्या भिंतीकडे होती आणि मध्ये एक माणूस आडवा शिरेल एवढीच जागा. मी अंगाने भरलेली, मी काही तिथे शिरत नव्हते. नाळेची बाजू पहिल्या दिवसापासून दादांची.

पॅटर्नवर मेणाचे आठ हात दिले. त्यानंतर एका शनिवारी संध्याकाळी पीव्हीए लावलं. हा निळसर पातळ द्रव असतो. स्पंजने फिरवायचा, वाळला की पापुद्र्यासारखा पातळ थर बसतो. पॅटर्न आणि साचा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून हा थर. त्याला पाणी चालत नाही, पाणी लागलं की विरघळतो. नाळेकडचं दादांनी लावलं, मागचं मी. कुलूप घातलं. किल्ल्या दोघांकडे एकेक असतात.

रविवारी सुट्टी होती. मुलीची परीक्षा म्हणून त्या रविवारी मी डहाणूला गेले नव्हते. संध्याकाळी आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, बाबा सकाळचे कासाला गेलेत, सरकारी दवाखान्यात गुडघे दाखवायला. मी हो म्हटलं. रविवारी नेहमीची तपासणी बंद असते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी शेडमध्ये पोचले तर दादा माझ्याआधी येऊन बसले होते. त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. कुठून आला ते विचारलं नाही. त्यांच्या पाड्यावर काहीतरी असेल, असं वाटलं. मागच्या बाजूने बॅटरी मारून मी पॅटर्न तपासला. खरं तर भिंतीकडून जाऊन नाळही बघायला हवी होती. पोट आत ओढून, तिरकं होऊन, कसंही शिरायला हवं होतं. मी इथूनच विचारलं, "तिकडे ठीक आहे ना, दादा?" ते म्हणाले, "ठीक आहे." आणि जेलकोटचं भांडं ढवळायला लागले.

जेलकोट म्हणजे साच्याचा गुळगुळीत पृष्ठभाग होणारं घट्ट, रंगीत रेझिन; साच्याला आम्ही काळा घेतो. त्याचे दोन थर, मग पातळ मॅट, मग जाड मॅटचे थर. एका दिवसात सगळे चढवले तर रेझिन तापतं आणि साचा वाकतो, म्हणून रोज थोडे थोडे. वर प्लायच्या फासळ्या, त्यावर पाइपचा सांगाडा. मग पंधरा दिवस हात लावायचा नाही. त्या पंधरा दिवसांत आम्ही बाजारातल्या दोन दुकानांच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त केल्या. मी खुशीत होते. दादा गप्प होते, पण ते नेहमीच गप्प असतात.

साचा सोडवायचा दिवस हा या धंद्यातला सगळ्यांत चांगला दिवस. कडेला प्लास्टिकच्या पाचरी ठोकायच्या, फटीत पाणी सोडायचं. आत पीव्हीए विरघळत जातं आणि साचा कट्, कट् आवाज करत सुटतो. तो आवाज ऐकला की महिनाभराची पाठदुखी विसरायला होते. मागचं टोक सुटलं. डावी कड, उजवी कड सुटली. नाळेकडे आवाज येईना. आणखी पाणी ओतलं. रबरी हातोडीने थोपटलं. दादांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि ते थंडीचे दिवस होते. शेवटी मी म्हटलं, उचला. दोन्हीकडून जोर लावला. मोठा कडाका झाला, साचा वर आला, आणि नाळेखालचा वीत-दीड वीत पुट्टीचा पोपडा पॅटर्नवरून उपटून साच्याला चिकटून आला.

माझं डोकं फिरलं. साच्यात, नेमका नाळेखाली, पुट्टीचा ढेकूळ. तो काढताना खालचा जेलकोट टिकेल की नाही ते सांगता येत नव्हतं. नाळेकडे पीव्हीए कोणी लावलं होतं? दादांनी. मी त्यांच्याकडे वळले.

"स्पंज फिरवला होतास की नुसता उभा होतास?" मी ओरडले. "अकरा वर्षं झाली! अकरा वर्षांत तुला एक थर नीट देता येत नाही? तुझ्या हातून डबेच होणार, दुसरं काही होणार नाही!"

तू. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि शब्द माझ्या बापाचा. दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. थिनरने हात पुसले, मग साबणाने धुतले, नखांपर्यंत नीट. अॅप्रन खिळ्याला अडकवला, शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाइकला किक मारून निघून गेले. मी थांबवलं नाही. मला वाटत होतं, माझंच बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटीनेच साचा उताणा केला, नाळेकडची बाजू दाराकडे, उजेडात ओढली, आणि स्टुलावर बसून पुट्टी काढायला घेतली. लाकडी पटाशीने हलके हलके टवके काढायचे, मग पाणी लावून बारीक पेपर. काळ्या जेलकोटवर आधी एक पिवळा डाग दिसला. मला वाटलं, हार्डनर नीट मिसळला नसेल. यासाठीही मी मनातल्या मनात दादांना शिव्या घातल्या. आणखी घासलं. डाग लांबट झाला. शेजारी दुसरा उमटला. जेलकोट तिथे किंचित खोल होता, काहीतरी दाबून बसवल्यासारखा. बोटं होती ती. तळवा होता. हळदीचा पंजा.

मी पेपर खाली ठेवला आणि बोटं मोजली. अंगठा, तर्जनी. त्यापुढचं, मधलं, अर्ध्यातच संपलं होतं.

खरं सांगते, आधी मला रागच आला. महिनाभराचं काम! हळद काय, हात काय, एवढ्या लांब येऊन लपूनछपून! मग ते खोबरं आठवलं. कासाचा दवाखाना आठवला. रविवार आठवला. बाबा पठाणाची पूजा करायचे, पठाण म्हणजे होडीच्या तळाचं ते मोठं लांब लाकूड. ते बसवलं की पहिली फळी लावायच्या आधी नारळ फोडायचे आणि नाळेखाली हळदीचा हात उठवायचे. प्रत्येक होडीला. लहानपणी हळदीची वाटी मीच धरायचे. टाकीला कधी उठवला नाही, दाराला उठवला नाही. मी त्या शेडमध्ये जमिनीवर बसून रडले. कोणी बघायला नव्हतं म्हणून भरपूर रडले.

मग तोंड धुतलं आणि उधव्याला गेले.

दादा घरापुढच्या कुडाला नवीन कारव्या बांधत होते. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि ती आत गेली. ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं.

"दादा, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला तू बोलले, ते तर जास्तच चुकलं."

त्यांनी कारवीची गाठ पूर्ण आवळली. मग म्हणाले, "हात दिसला काय?"

"दिसला."

"मी सांगणार नव्हतो. बाबांनी शपथ घातली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांत एका वेळी एवढं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. साचा चढवायच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी त्यांना फोन केला होता. शेजारच्या मुलाकडून नंबर लावून घेतला. म्हणाले, रविवारी मला शेडवर न्यायचं, पोरीला कळता कामा नये. रविवारी ते बसने कासापर्यंत आले. दादांनी तिथून त्यांना बाइकवर घेतलं.

"आत आले. वासाचं काही बोलले नाय," दादा म्हणाले. "आधी मागून हात लावायला लागले. मी बोललो, बाबा, ताईनं वरून लावलंय, हात नको. मग हात वर धरला, असा, दोन बोटं अंतर सोडून. तसाच नेला पुढपर्यंत. भिंतीकडं शिरले. नाळेपाशी उभे राहिले बराच वेळ. मला विचारलं, पोरीनं उचलली काय नाळ? मी बोललो, हो, दीड इंच. तुम्ही बोलले म्हणून."

"मग?"

"मग पिशवीतनं नारळ काढला. हळद काढली, कागदात बांधलेली. मी बोललो, बाबा, इथं पाणी चालत नाय, चिकटंल. तर बोलले, हळद न लावता होडी झाकत नसतात."

मी म्हटलं, "काय बोलले?"

"हळद न लावता होडी झाकत नसतात."

"डबा नाही बोलले?"

दादांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांना तेव्हा कळलं. "नाय ताई," ते म्हणाले. "होडीच बोलले."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली.

मग ते जरा चाचरले. म्हणाले, "सोमवारी मी लवकर आलो. हळद पुसायला गेलो, पण हात उचलंना. पूजेची हळद पुसायची कशी? तिच्यावरच परत पीव्हीए फिरवलं. वाटलं, चालंल. खाली ओल होती, ते धरलं नाय. तेवढी चूक माझी."

"माझीसुद्धा," मी म्हटलं. "मी भिंतीकडे शिरले नाही."

त्यांची बायको आतून चहा घेऊन आली. या वेळी तिने विचारलं, साखर किती. मी दोन चमचे सांगितली. दुसऱ्या दिवशी दादा शेडवर आले, खिळ्यावरचा अॅप्रन घातला आणि टेबलावरची किल्ली खिशात टाकली. त्यानंतर ते पुन्हा नेहमीसारखे गप्प झाले.

साचा वाचला. जिथे जेलकोट टवकला होता तिथे नवा भरला, घासला, चकचकीत केला. ते तीन दिवसांचं काम होतं. शेवटी पंजा तेवढा उरला. पिवळा डाग घासून गेला होता, पण हाताचा खोलगटपणा होता, अगदी थोडा, बोट फिरवलं तरच कळणारा. दादा जेलकोट कालवून घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, "भरू?"

धंद्याच्या हिशोबाने भरायलाच हवा होता. दुसऱ्या कोणाच्या शेडमध्ये असं काही सोडलेलं दिसलं असतं तर मीच नावं ठेवली असती. मी म्हटलं, नको. मग गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं आणि सगळं खरं सांगितलं. नाळेखाली एक खूण येईल, ताकदीला काही होणार नाही, नको असेल तर आत्ता सांगा, भरून देते. ते साच्यात वाकले, अंगठा फिरवला, म्हणाले, "कोनो हाथ?" मी म्हटलं, वडिलांचा. पाण्याखालची जागा आहे ना, असं विचारून त्यांनी विषय सोडला आणि इंजिनाचं बोलायला लागले.

मधल्या प्रत्येक रविवारी मी डहाणूला जात होते. बाबांना काही म्हणाले नाही. त्यांनी दादांना शपथ घातली होती, ती मी मोडणार नव्हते. ते विचारायचे, "झाला का डबा?" मी म्हणायचे, "होतोय." आणि जेवायचे. आईला काळजी वाटली. एकदा हळूच म्हणाली, तब्येत बरी आहे ना तुझी?

पहिली होडी पांढरी निघाली. साच्यातून सुटताना नाळेपासून मागपर्यंत कट्, कट् वाजली, कुठेही अडली नाही. दादांनी आणि मी दोघांनी उचलून ती टेम्पोत ठेवली, आणि मला धापही लागली नाही. इंजिन बसलं, गिऱ्हाईक चाचणी घ्यायला निघाले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, डहाणूला घ्या. त्यांनी कारण विचारलं नाही.

भरतीची वेळ होती. बाबा काठी टेकत किनाऱ्यावर आले, आईने सांगितलं असणार. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठं हाय डबा?" गिऱ्हाईक आणि त्यांचा माणूस, दोघांनी ती स्कूटर उचलून पाण्यात नेली. गिऱ्हाईक बसले, इंजिन धडधडलं आणि ते लाटांवर निघाले. बाबांना तेवढं लांबचं दिसत नाही. ते कान लावून उभे होते. दर लाटेला मला विचारायचे, "तोंड वर हाय?" मी म्हणायचे, "वर आहे." पुढची लाट. "हाय?" "आहे, बाबा." नाळ एकदाही खुपसली नाही.

गिऱ्हाईक परत आले, हसत होते. स्कूटर वाळूवर आणून ठेवली. बाबा काठी माझ्या हातात देऊन तिच्यापाशी गेले. मागून सुरुवात केली, पुढे आले, गुडघे दुखतात तरी वाळूत खाली बसले आणि नाळेखाली हात घातला. हात फिरता फिरता थांबला. मग थोडा सरकला आणि बसला. अंगठ्यावर अंगठा, बोटांवर बोटं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

मग ते म्हणाले, "हितं नीट घासलं नाय तू."

"नाही घासलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. टेम्पोवाला घाई करत होता, भरतीचं पाणी चाकांपर्यंत आलं होतं. गिऱ्हाइकाने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे बाबांनी हात काढला.